पाच माणसांचे पाटे

शिवऱ्याला महामार्गाच्या कडेला गोरख कोंडेचं पाट्यांचं दुकान आहे. पाटे म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, चाकाच्या वर, एकावर एक रचलेल्या कमानदार लोखंडी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर असतं. रस्त्याचा दणका आधी ते खातात आणि उरलासुरला बसलेल्या माणसाला देतात. गोरख हे पाटे बसवतो, बदलतो, तापवून ठोकून त्यांची कमान वाढवतो. तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही, आणि करावं असं त्याला वाटलंही नाही.

माणूस बुटका, मानेनं जाड, दाढी राखलेला, बोलायला गोड आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूष.

हुशारी खरी होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोची मागची बाजू किती दबली आहे हे बघून आत कांदा आहे की खत हे तो सांगायचा, आणि दहात नऊदा बरोबर निघायचं. लग्नाला गेला तरी आधी बाहेर लावलेल्या गाड्यांच्या मागून एक चक्कर मारून यायचा. त्याची बायको रत्ना चारचौघींत म्हणायची, "आमच्यात नवरीचं तोंड बघायच्या आदी गाड्यांची ढुंगणं बघत्यात." बायका हसायच्या. गोरखही हसायचा. त्याला ती तारीफ वाटायची.

आता त्याच्या धंद्यातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर बेतलेलं आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी रस्त्यांवर वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या, जिपा चालतात. पाटे बसवायचे तर मिस्त्रीला विचारावंच लागतं, गाडीत माणसं किती बसणार? ड्रायव्हर सांगतो, आठ. कागदावर आठच असतात. बाजारच्या दिवशी पंधरा कोंबलेली असतात आणि दोघं मागं लोंबकळत असतात, ते वेगळं. मिस्त्रीशी खोटं बोलून ड्रायव्हरचा काही फायदा नसतो, पण जिभेला वळणच पडलेलं. नवा असताना गोरखनं एकाच्या आठवर विश्वास ठेवला. पंधरा दिवसांत पाटा तुटला आणि तो ड्रायव्हर दुकानात येऊन आईबहिणीवरून बोलून गेला. तेव्हापासून गोरख सांगितलेल्या आकड्याचं दुप्पट धरायला लागला. विचारायचं, उत्तर ऐकायचं, एक डोळा मिचकावायचा आणि म्हणायचं, "कळलं." या 'कळलं'चा त्याला फार अभिमान. दुसऱ्या मिस्त्रींना सांगावं लागतं, मला लागत नाही, असं तो म्हणायचा.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्याकडं उंबरटेकची जीप आली.

उंबरटेक ही वेल्ह्याच्या पुढं घाटमाथ्याकडची वाडी. शेवटचे तीन किलोमीटर रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता. मध्ये दगड असे उभे की साध्या गाडीचं पोट घासतं. वाडीतल्या बायकांच्या बचत गटानं एक जुनी जीप घेतली होती. गटाची अध्यक्ष छाया, पस्तिशीची, शब्द मोजून बोलणारी बाई. ती स्वतः आली होती आणि सोबत गाडी चालवायला ठेवलेला वाडीतलाच कुमार रेणुसे.

"चार बोटं उचलायची," कुमार म्हणाला. "खालनं दगड लागतो."

"उचलू की. मानसं किती?"

"पाच. माज्यासकट."

गोरख हसला. आठ म्हणणारा सोळा भरतो, तर पाच म्हणणारा केवढा बिलंदर असेल!

"मिस्त्री, हसताय कशापायी?" छायानं विचारलं. "वडाप न्हाई करायचं आमाला. आजारी मानूस, बाळंतीण, म्हातारंकोतारं भोरला दवाखान्यात न्यायचं. एक आडवं, दोघं धरायला. पाच झाली तरी लई."

"कळलं, ताई, कळलं," गोरख म्हणाला आणि त्यानं कुमारकडं बघून डोळा मिचकावला. दवाखान्याचं नाव काढलं की पोलिसही अडवत नाहीत. बाई हुशार आहे, असं त्याच्या मनात आलं.

गाडी उचलण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि गोरखला दोन्ही उत्तम ठाऊक होत्या. एक म्हणजे आहेत तेवढ्याच जाडीचे पाटे घ्यायचे, पण त्यांची कमान वाढवायची. गाडी उंच होते आणि मऊच राहते. दुसरी म्हणजे जाड पाटे वाढवायचे. गाडी उंच होते आणि शिवाय कडक होते. कडक कशासाठी, तर ओझं पडल्यावर बसू नये म्हणून. ओझं नसेल तर तो कडकपणा जातो कुठं? बसलेल्याच्या कमरेत. उंची वेगळी आणि ताकद वेगळी, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं समजावून सांगायचा.

पाचाचं दुप्पट दहा, आणि बिलंदरपणाचे वर चार, अशी या गाडीला त्यानं चौदा माणसं धरली. मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवले, ट्रकच्या पाट्यातून कापलेले. जीप अशी उभी राहिली की जणू शर्यतीचा बैल. त्यानं मोबाईलवर फोटो काढला.

कुमार महामार्गावर एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मिस्त्री, जरा कडक वाटतीया."

"पाटे नवीन हायेत. मानसं भर, मंग बग कशी लोण्यावानी जाती."

"मानसं भरायचीच न्हाईत ओ."

"व्हय व्हय," असं म्हणून गोरख पुन्हा हसला.

म्हणजे तीनदा सांगितलं होतं. बाईनं एकदा, पोरानं दोनदा, स्वच्छ मराठीत. पुढं गोरख हे बोटांवर मोजायचा आणि प्रत्येक वेळी तीनच निघायचं.

महिना-दीड महिना गेला. छायाची सासू पारूबाई, वय सत्तरच्या पुढं, हाडं काडीसारखी. साखर तपासायला तिला भोरला नेत होते. मागच्या बाकावर ती आणि छायाची जाऊ, पुढं कुमार. बाकी गाडी रिकामी. वाडीच्या खाली ओढ्याचं पाणी जायला रस्त्यात एक आडवा चर आहे. त्या चरात मागची चाकं गेली आणि पारूबाई बाकावरून हातभर वर उडून परत आदळली. "मोडलं गं," एवढंच ती म्हणाली. दवाखान्यात फोटो काढला तर कमरेचा मणका दबलेला. तीन महिने पाठीवर झोपून राहायचं.

वाडीनं निकाल लावायला एक दिवस घेतला नाही. कुमारनं गाडी पळवली. तरणं पोर, हातात गाडी, दुसरं काय होणार? गटाच्या बायकांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. गाडी देवळामागं उभी राहिली आणि आजारी माणसं पुन्हा दुधाच्या टेम्पोतून खाली जायला लागली. कुमारचं लग्न मार्गासनीच्या मुलीशी ठरत आलं होतं. तिकडच्यांनी निरोप धाडला, जरा थांबू या.

हे सगळं गोरखला कळलं ते खुद्द कुमारच्या तोंडून. एका सकाळी तो एसटीनं फाट्यावर उतरून चालत दुकानात आला.

"मिस्त्री, तुमी गाडीतलं जानता. मला एकच सांगा. काटा पंधराच्या वर न्हवता, आईची आन. चरात तर पयला गेर. माजं कुठं चुकलं?"

गोरखच्या हातात पाना होता. कुमारचं वाक्य संपायच्या आत त्याला सगळं दिसलं. रिकामी गाडी, चौदा माणसांचे पाटे आणि वर उडालेली म्हातारी. तो धंद्यातला माणूस, त्याला विचार करावा लागला नाही. आणि म्हणूनच त्याला माफी नाही. न कळून बोलला असता तर गोष्ट वेगळी होती.

"रस्ताच वाईट हाय रे तुमचा," तो म्हणाला.

"पन मिस्त्री..."

"म्हातारं मानूस. हाडं ठिसूळ. आपुन तरी जरा दमानं चालवायची."

असं म्हणाला. वर चहा मागवला, बिस्किटं मागवली. कुमारनं खाली मान घालून चहा प्यायला आणि जाताना "येतो, मिस्त्री" म्हणून गेला. चहाचे आभारसुद्धा मानले त्यानं.

त्यानंतर गोरखचं दुकान चालू होतं, हात चालू होते, बाकी माणूस जागेवर नव्हता. रस्त्यावरच्या गाड्या बघणं बंद झालं. कुणी वडापवाला आला आणि "आठ" म्हणाला की गोरख विचारायचा, "खरं आठ?" एकजण यावर भडकला. "मग काय खोटं बोलतोय का मी?" गोरखनं तिथल्या तिथं त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तो माणूस बिचकून दुसऱ्या दुकानात गेला.

रत्नाच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. जेवताना तिनं ताट पुढं सरकवलं आणि विचारलं, "काय केलंय तुमी?"

"कुटं काय?"

"आवो, पंधरा दिस झालं, भाजीत मीठ हाय का न्हाई ते कळंना तुमास्नी. काय केलंय?"

मग त्यानं सांगितलं. मध्ये मध्ये "रस्ता बी वाईट हाय" असं घालून बघितलं, पण रत्नानं तो रस्ता चालू दिला नाही.

"त्या पोरानं पाच सांगितलं, तुमी चौदा धरली. बरूबर?"

"सगळंच खोटं सांगत्यात गं."

"सगळ्यांचं न्हाई इचारलं म्या. ह्यानं खरं सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं."

"मंग जावा आनि सांगून या. आनि तोंडानं सांगा. नुसती गाडी नीट करून पळून याल, वळकती मी तुमास्नी."

बायकोनं अशी नाडी पकडली की नवऱ्याला राग येतो. गोरखलाही आला, कारण त्याचा बेत तोच होता. चार पातळ पाटे त्यानं आधीच ठोकून ठेवले होते, कमान जास्त आणि जाडी कमी. गाडीचं काम फुकटात करून देतो म्हणायचं, जाड काढायचे, पातळ घालायचे, उंची तीच राहणार, कुणाला काही कळणार नाही. गाडी मऊ होईल, कुणाला पुन्हा लागणार नाही. कुमारचं काय? कुमारचं काही ना काही होईल. या 'काही ना काही'पाशी त्याचा विचार दरवेळी लंगडा व्हायचा.

मंगळवारी सकाळी पाटे आणि पाने पोत्यात बांधून मोटरसायकलच्या मागं टाकले आणि तो निघाला. मार्गासनी गेली, वेल्हं गेलं. चर आला तेव्हा त्यानं गाडीचा वेग इतका कमी केला की पडता पडता वाचला.

छायानं त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. "एवढ्या लांब आलासा, मिस्त्री! आनि फुकट म्हंता?"

"आपलं काम हाय, ताई. एकदा बगून जावं म्हटलं."

तो देवळामागं गेला, जीपखाली पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपला. उजव्या बाजूच्या दोन नटांना पाना लावला. छाया चहा घेऊन आली आणि गाडीच्या बाजूला उभी राहिली. त्याला खालून तिचे फक्त पाय दिसत होते.

"तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा न्हाई बगा," तिचे पाय म्हणाले. "गाडी झ्याक केलीसा. चालवनाराच वंगाळ निघाला. घरचं पोर म्हनून ठेवला, आनि आमच्याच म्हातारीला मोडून बसला. आता गटानं ठरवलंय, भायेरचा ड्रायवर बगायचा."

गोरख तसाच पडून राहिला. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर ते जाड पाटे होते, त्याच्याच हातानं घट्ट केलेले. बाहेरचा ड्रायव्हर आला म्हणजे कुमारचं नाव कायमचं गेलं. मार्गासनीची सोयरीक गेली. आणि इथून पुढं गाडी लोण्यासारखी चालली की वाडी म्हणणार, बघा, ड्रायव्हर बदलला आणि फरक पडला! गोरखनं मऊ केलेले पाटे कुमारविरुद्ध साक्ष देणार होते. हे त्यानं शिवऱ्याहून निघताना मोजलं नव्हतं.

त्यानं सैल केलेले दोन्ही नट पुन्हा घट्ट केले आणि बाहेर आला.

"झालं?" छायानं विचारलं.

"न्हाई. ताई, कुमारला बोलवा. आनि तुमी मागच्या बाकावर बसा."

"मी? कशापायी?"

"बसा तर खरं. दांडी घट्ट धरा."

कुमार आला. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती, मिस्त्री आपल्या बाजूनं बोलायला आले आहेत असं त्याला वाटलं असणार. गोरखला त्याच्याकडं बघवेना. छायानं किल्ली दिली, तीही दोन बोटांत धरून. वाडीतली आणखी चार-सहा माणसं, काम नसलेली, गोळा झालीच.

"चरापतूर चल," गोरख म्हणाला. "मी संगं चालतो. माज्या चालीनं चालव. माज्या म्होरं जायाचं न्हाई."

वाडीतून चरापर्यंत पाच मिनिटं लागली. पुढं गोरख चालतोय, मागं जीप, तिच्यामागं माणसं. कुणीतरी म्हणालं, "काय वरात काढली का काय?" मागची चाकं चरात गेली. जीप चालत्या माणसाच्या वेगानं होती आणि तरी छाया बाकावरून उडाली, डोकं वरच्या लोखंडी नळीला लागलं आणि ती परत आदळली. चांगली भरलेली, कामाची बाई. खाली उतरली तेव्हा कमरेला हात लावून उभी होती.

"अगं आई गं! आरं, ही हळू चालवून अशी?"

"व्हय," गोरख म्हणाला. "ही अशीच हाय. म्या केलीया."

मग त्याला सगळं बोलावं लागलं. "कुमारनं पाच मानसं सांगितली व्हती. तुमी बी सांगितली. म्या चौदा धरली. चौदा मानसांचं पाटं टाकलं. रिकामी गाडी त्यानं दबतच न्हाई, मानसाला उडवती. ह्याची काय चूक न्हाई. हळू चालवा न्हाईतर जोरात, मावशीची कंबर मोडनारच व्हती."

"पर चौदा का धरली?" छायानं विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं. "आमी पाच म्हनलो हुतो ना?"

"सगळी कमी सांगत्यात ओ. वडापवालं..."

"म्हंजी तुमी आमाला खोटारडं धरलं."

गोरखनं हेच तर केलं होतं. नुसता पाट्यांचा हिशेब चुकला असता तर मिस्त्री म्हणून लाज वाटली असती आणि ती धुऊन निघाली असती. पण समोर उभं राहून खरं बोलणाऱ्या बाईला त्यानं डोळा मिचकावून लबाड ठरवलं होतं, आणि वर त्याला हुशारी म्हटलं होतं.

"चुकलं, ताई."

"मला नका सांगू. घरात झोपलीया, तिला सांगा."

पारूबाई खाटेवर सपाट पडली होती, डोक्याखाली उशी नाही. गोरख दारातच बसला. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे छपराकडं.

"माज्या एकटीपायी चौदा मानसांचं लोखंड घातलंस?"

"व्हय, मावशी."

"लई मोटी केलीस रं मला." ती हसली, आणि हसल्यामुळं कळ आली म्हणून तिनं त्याला एक शिवी दिली. मग म्हणाली, "मी पडल्यापासनं सांगती, पोरगं हळू चालवत हुतं. कोन ऐकतंय? म्हातारीला काय कळतंय म्हनं. आता ह्यो दाढीवाला बाप्या सांगतुया तर समद्यास्नी पटलं." तिनं हात हलवला. "जा, गाडी नीट कर जा. हितं बसून माजी कंबर जुळनार न्हाई."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही.

दुपारभर तो जीपखाली होता. जाड पाटे काढले, पातळ घातले. त्याला कुणी पाना धरू लागलं नाही. कुमार देवळाच्या पायरीवर बसून बघत होता. काम संपल्यावर गोरखनं चौघांना गाडीत बसवलं, कुमारला पुढं. मागची बाजू छान दबली, जेवढी दबायला हवी तेवढीच. पुन्हा चरातून नेली तर मागं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "चर आला का गेला, कळलं बी न्हाई." छायानं तिथंच, सगळ्यांसमोर कुमारला सांगितलं, "किल्ली तुज्यापाशीच ठेव. मार्गासनीला मी सोता जाते, उद्याच." ती एवढंच बोलली, पण कुमारचं गेलेलं नाव तिथंच परत आलं. बाई शब्दाची पक्की होती.

गोरखनं पोतं मोटरसायकलला बांधलं. कुमार जवळ आला. काहीतरी बोलेल, निदान "येतो, मिस्त्री"सारखं काही, असं गोरखला वाटलं.

"मिस्त्री, मी शिवऱ्याला तुमच्याकडं आलो, तवा तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मी बोलायच्या आदी का बोलल्यावर?"

"तू बोलत हुतास तवाच."

"आनि तरी दमानं चालव म्हनलासा."

"व्हय."

"बरं," कुमार म्हणाला. किल्ली खिशात टाकली आणि वळून आपल्या घराकडं गेला. मागं बघितलं नाही.

कबूल केलं की माणूस हलका होतो, असं लोक म्हणतात. गोरखला तसं काहीच वाटलं नाही. वेल्ह्यापर्यंत त्यानं दोनदा मोटरसायकल थांबवली. एकदा ओढ्यावर तोंड धुतलं. दुसऱ्यांदा का थांबला होता, ते त्याला घरी पोचल्यावर रत्नानं विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.